शब्द कुठे तोडावा?

ओळ संपते आणि शब्द उरतो. मग छोटी आडवी रेघ देऊन तो तोडायचा आणि उरलेला भाग खालच्या ओळीत न्यायचा. पूर्वी हे काम खिळे जुळवणारा कंपोझिटर करी. त्याला भाषा येत असे. संगणकाला ती कुठून येणार?

अमेरिकेत डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली घडवायला घेतली. त्यांचे विद्यार्थी फ्रँक लियांग यांनी १९८३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात याच प्रश्नावर प्रबंध लिहिला. इंग्रजी शब्दकोशावरून त्यांनी अक्षरगटांचे ४,४४७ साचे काढले. साच्यातला विषम आकडा म्हणतो 'तोड', सम आकडा म्हणतो 'तोडू नको'. दोघांत वाद झाला, की मोठा आकडा जिंकतो. एवढ्यावर कोशातल्या ८९ टक्के जागा सापडल्या.

तरीही १४ शब्द अपवाद म्हणून वेगळे नोंदवावे लागले. त्यांत 'प्रेझेंट' आहे. त्याचा अर्थ 'भेटवस्तू' असेल तर तो एका जागी तुटतो, 'सादर करणे' असेल तर दुसऱ्या. यंत्राला अर्थ कळत नाही, म्हणून त्याला बजावले, हा शब्द तोडूच नकोस.

पुढे अनेक भाषांचे साचे झाले. जर्मनचे शुद्धलेखन १९९६ मध्ये बदलले, तेव्हा तिचे साचेही बदलावे लागले. मराठीचेही साचे आहेत. ते जोडाक्षर फोडत नाहीत, पण 'दिवाणखाना' मात्र 'दिवा-णखाना' असा तुटू शकतो.

ओळ कुठे मोडावी, या विचारात आम्ही कवी रात्र घालवतो. शंका आली की हात आवरावा, हे त्या यंत्राला शिकवलेले शहाणपण आम्हालाही उपयोगी पडेल.