जात्यावरच्या ओव्यांचे लोकसहभागी जतन

पहाटे दळताना बायकांनी रचलेल्या, गायलेल्या ओव्या त्यांच्याच सहभागाने नोंदवून जपण्याचे महाराष्ट्रातील कार्य. पिठाची गिरणी गावोगाव पोहोचली तसे गाण्याचे निमित्तच सरले. लग्नातल्या हळदीपुरते जाते उरले. पुण्यातील हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकात संकलन हाती घेतले. ओव्या मिळवणाऱ्या अनेक कार्यकर्त्या मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतल्याच, त्यामुळे बाहेरच्या माणसापुढे सहसा न निघणारा सासुरवासही मोकळेपणाने गायला गेला. सीतेचा वनवास, भावाची वाट, विठ्ठल, बाबासाहेब आंबेडकरांविषयीचा अभिमान असे विषयही त्यांत येतात. जात्याच्या खुंट्याला हात लागला की ओवी ओठांवर येते. नुसते बसवून विचारले तर अडते. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. प्रत्येकीपुढे गाणारीचे नाव-गाव आहे, आणि संख्येपेक्षा मोलाचे तेच. १९९० च्या दशकात बेर्नार बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणे झाली. २०१७ पासून ग्रामीण भारताविषयीच्या ‘परी’ या संकेतस्थळावर ती प्रसिद्ध होऊ लागली. युनेस्कोच्या २००३ च्या अमूर्त वारसा कराराचे १५ वे कलम समाजाच्या अशाच सहभागाची अपेक्षा धरते. भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला.