तालमींतला चेंडू

कागलच्या घाटगे घराण्यांतील यशवंतराव १८८४ सालीं दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपति झाले व त्यांच्या आश्रयानें तेथील कुस्तीस बहर आला, हें सर्वश्रुतच आहे. त्या बहराचें एक फळ मात्र परक्या वेलीवर धरलें.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना पाहावयास गेलेला परगांवचा मनुष्य प्रथम गोंधळतो. मैदानांत उतरतात कोण, तर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम! हे मल्ल कीं खेळाडू? वस्तुतः पेठेंतील तरुणांची बैठक तालमींतच असे. विलायती चेंडूस निराळें घर बांधावें लागलें नाहीं. जपानांतील कशिमाचा प्रख्यात संघ १९४७ सालीं ओसाकास सुमितोमोच्या पोलादी कारखान्याचा म्हणून निघाला व १९७५ सालीं कशिमास गेला. गांवाची माया त्यास मागाहून लाभली. आमच्याकडे माया आधीं, संघ नंतर.

ही माया आंधळी झाली म्हणजे प्रेक्षकांच्या हाणामारीनें सामने थांबतात, हें आम्ही झांकून ठेवणार नाहीं. दुसरें शल्य निराळें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारतातर्फे खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण त्याची घडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनींत झाली. तशी सोय त्यास घराजवळच लाभावयास हवी होती, असें आम्हांस वाटतें.