गडचिरोलीच्या आरोग्यदूतांची परीक्षा

विद्येची परीक्षा पाठांतरानें होत नाहीं, असें आमचें जुनें मत आहे. १९८२ सालीं चंद्रपुरापासून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवच्याच स्त्रियांस नवजात अर्भकांची शुश्रूषा शिकविली. जंतुदोषावर इंजेक्शन देणेंही त्यांत आलें. त्या शिक्षणाचें मोल जन्ममृत्यूच्या नोंदींवरून ठरलें. आरोग्यदूतांचीं गांवें ३९. पाठभेदासाठीं दुसरी पोथी घ्यावी, तशीं ताडून पाहण्यास आणखी ४७. १९९३-९५ मध्यें पहिल्या गांवांत हजार जन्मांमागें ६२ अर्भकें महिन्याच्या आंत दगावत. १९९७-९८ मध्यें २५.५. दुसरीकडे आंकडा ५८ वरून ६० झाला. गांवें चिठ्ठ्या टाकून निवडलेलीं नव्हतीं, ही उणीव खरी; परंतु आरंभींचे आंकडे जवळजवळ सारखेच होते, हें आक्षेपकांनीं विसरूं नये.