मुनेरबीचा मुलगा आणि त्याची झील

गेल्या वर्षी एक मेच्या कार्यक्रमासाठी मुलांकडून समूहगीत बसवून घेत होते. आमच्या वर्गात दोन्ही प्रकारची मुलं आहेत. काहींच्या घरी कोकणी बोलली जाते, काहींच्या घरी दखनी किंवा उर्दू, आणि वाडीवरून येणाऱ्यांची आपापली ठाकरी, वारली बोली. गाणं मराठी, म्हणून सगळ्यांनाच थोडं परकं आणि सगळ्यांनाच थोडं आपलं. मी मुलांना सांगितलं, हे गाणं ज्यांच्या आवाजात महाराष्ट्रभर गाजलं ते शाहीर अमर शेख. मागे बसलेले एक सहकारी मधल्या सुट्टीत म्हणाले, "मॅडम, अमर शेख मुसलमान होते? मला वाटायचं शेख हे टोपणनाव असेल."

दोनच दिवसांनी एका विद्यार्थिनीचे वडील भेटायला आले. फार अदबीने म्हणाले, "बाजी, मुलीला गाण्यात नका घेऊ. आपल्यात चालत नाही." मी त्यांनाही अमर शेखांचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलंच नव्हतं.

एकाला शाहीर माहीत होता, तो मुसलमान होता हे माहीत नव्हतं. दुसऱ्याला आपल्यातला असा शाहीर झाला हेच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात ठरवलं, या माणसावर आणि त्याच्या कलापथकावर लिहायचं.

अमर शेखांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घरी गरिबी. पाणक्याचं काम केलं, मोटारीवर क्लीनर झाले, मग गिरणीत लागले. शास्त्रीय गाण्याचा गुरू वगैरे काही नाही. त्यांची पहिली शाळा म्हणजे त्यांची आई मुनेरबी. तिच्या तोंडची लोकगीतं ऐकतच ते वाढले. हे वाचताना मला आमच्या दादीची आठवण होते. लग्नघरात हळदीच्या रात्री ती आणि तिच्या वयाच्या बायका कोकणीत गाणी म्हणत. एक बाई ओळ उचलायची आणि बाकीच्या ती झेलायच्या. कुणी त्याला संगीत म्हणत नसे, आणि कुणी त्याला हरामही म्हणत नसे. तो लग्नाचाच एक भाग होता.

बार्शीच्या गिरणीत संप झाला, मेहबूब त्यात पुढे होता. तुरुंग घडला. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले आणि आयुष्याला दिशा मिळाली. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही दिवस काढले. 'अमर शेख' हे नाव तिथल्या मित्रांनी दिलेलं. त्यानंतर मुंबई.

मुंबईत तेव्हा काय चाललं होतं ते लक्षात घ्यायला हवं. १९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्याच वर्षी मुंबईत 'इप्टा' ही जननाट्य संघटना स्थापन झाली. वाटेगावहून आलेले अण्णाभाऊ साठे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून लिहीत होते. त्यांचा स्टालिनग्रादचा पोवाडा १९४३ चा. १९४४ मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर एकत्र आले आणि लाल बावटा कलापथक उभं राहिलं. अण्णाभाऊ मातंग समाजातले, अमर शेख मुसलमान. दोघेही कष्टकरी, दोघांचंही शालेय शिक्षण तुटपुंजं. साथीला कामगार वस्तीतली माणसं. पोटासाठी दिवसा काम करायचं आणि रात्री चौकात गायचं, असा तो हिशेब.

आता आपल्या भागाकडे येऊ. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची महाराष्ट्रातली परिषद टिटवाळ्याला भरली. टिटवाळा म्हणजे आमच्या कसारा लाइनवरचं स्टेशन. खडवली, वासिंद गेलं की आसनगाव, म्हणजे शहापूर. या परिषदेला उंबरगाव तालुक्यातून काही वारली आले होते. त्यांनी वेठबिगारीची कहाणी सांगितली आणि तिथूनच वारल्यांच्या लढ्याची ठिणगी पडली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो सगळा इतिहास आहे. मुरबाडकरांना तर अशा आठवणी नव्या नाहीत. त्याच्या दोनच वर्षं आधी, २ जानेवारी १९४३ रोजी, याच तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्या लागून शहीद झाले होते. दर वर्षी त्या दिवशी आजही लोक सिद्धगडावर जातात. ज्या काळात इथल्या डोंगरात असं रक्त सांडत होतं, जंगलपट्टीत वेठ मोडायची तयारी चालली होती, त्याच काळात हे कलापथक गाऊ लागलं, हे विसरून चालणार नाही.

पण माझ्यासारख्या शिक्षिकेला खरं कुतूहल वेगळं आहे. शिकलेले गायक नाहीत, तालमीला वेळ नाही, बऱ्याच जणांना वाचता येत नाही. मग हे पथक इतकं बांधीव गात कसं असेल?

उत्तर पोवाड्याच्या बांधणीतच आहे. शाहिराच्या हातात डफ. साथीला ढोलकी, तुणतुणं, झांज. शाहीर लांब कडवं म्हणतो, कथा पुढे नेतो, मधेच थांबून बोलतोसुद्धा. मागचे झीलकरी फक्त धृपद उचलतात आणि 'जी जी'ची झील ओढतात. सगळे शब्द एकट्या शाहिराला पाठ असले तरी भागतं. झीलकऱ्याला जागा ओळखता आली पाहिजे, एवढंच. आणि दोन-तीन कडवी झाली की समोरच्या श्रोत्यालाही ती जागा कळू लागते. मग तोही झीलकरी होतो. युरोपातल्या वृंदगानात संचालक लोकांकडे पाठ करून उभा राहतो, कारण त्याचं काम गाणाऱ्यांशी असतं. शाहीर मात्र लोकांकडे तोंड करून उभा राहतो. झीलकऱ्यांना तो खांद्याच्या हालचालीवर आणि डफाच्या थापेवर चालवतो.

आमच्या वारल्यांच्या तारपा नाचात याहून वेगळी रीत आहे. तारपा वाजवणारा मध्ये असतो, नाचणारे हातात हात घालून त्याच्याभोवती फिरतात आणि कुणी त्याच्याकडे पाठ करत नाही. तो सूर बदलतो तशी पावलं बदलतात. तोंडाने हुकूम नाही, हातवारे नाहीत. नेतृत्व असंही असतं हे मी मुलांना याच उदाहरणाने सांगते, आणि वाडीवरची मुलं लगेच मान डोलावतात, कारण त्यांनी ते पाहिलेलं असतं.

अमर शेखांकडे या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती, ती म्हणजे त्यांचा आवाज. पहाडी म्हणतात तो. अण्णाभाऊ आणि गव्हाणकरांची लेखणी होती, त्या लेखणीला हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोचवणारा गळा अमर शेखांचा होता. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला आणि त्याचं लोकनाट्य केलं. गणात मायभूमीला वंदन आलं, गवळण गेली, तिच्या जागी कामगाराची, शेतकऱ्याची गोष्ट आली. त्यामुळे झालं काय, की त्या मंचावर कुठल्याही धर्माचा माणूस न अडखळता पहिल्या ओळीपासून गाऊ शकत होता. मला हा बदल फार मोठा वाटतो. समूहगान म्हणजे सगळ्यांनी एका सुरात म्हणणं हे खरं. पण त्याआधी सगळ्यांना म्हणता येईल असं गाणं निवडावं लागतं.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. फेब्रुवारी १९५६ मध्ये समिती स्थापन झाली आणि सभांचा धडाका सुरू झाला. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अमर शेखांच्या तोंडून लोकांनी ऐकली. मुंबईत राबायला आलेल्या आणि बायको गावी ठेवलेल्या कामगाराचा विरह, आणि त्याच विरहात बेळगाव, कारवार तुटल्याचं दुःख. भाषणं ऐकून माणसं घरी गेली असतील. गाणं मात्र ती सोबत घेऊन गेली. १ मे १९६० ला राज्य झालं. मराठी भाषकांच्या राज्यासाठी गावोगाव रान उठवणाऱ्यांत पुढच्या रांगेत एक पटेल मुसलमान होता. तेव्हा ही गोष्ट कुणाला वेगळी वाटली नव्हती. आज मला मात्र कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?"

शाहिरीत मुसलमान असणं हाही काही अपवाद नाही. पेशवाईच्या अखेरचे सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते. त्याही आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा नवीन काही सुरू झालं नव्हतं, जुन्या धाग्याला गाठ मारली गेली होती.

अमर शेख कवीही होते. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे संग्रह. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना मायकोव्हस्कीशी केली. त्यांनी स्वतःचं कलापथक चालवलं, चित्रपटांत कामं केली. १८ जुलै १९६९ ला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय बावन्न. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. पण आमच्या मोहल्ल्यात त्यांचं नाव नाही.

याचा दोष फक्त बाहेरच्यांना देऊन चालणार नाही. बाहेरच्यांनी शाहीर ठेवला आणि मुसलमान विसरले. आपण तर दोन्ही सोडून दिलं. ते कम्युनिस्ट होते, त्यांनी धर्माबाहेर लग्न केलं, ते गात. कुणाला यातलं एक कारण पुरलं, कुणाला तिन्ही लागली. गाण्याबद्दल आपल्यात जे मतभेद आहेत ते मी जाणते, त्यावर फतवा काढण्याचा मला अधिकार नाही. पण एखाद्याशी मतभेद असणं आणि त्याला आपल्या इतिहासातून काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुनेरबीची गाणी नाकारली तर माझ्या दादीची गाणीही नाकारावी लागतील.

त्या मुलीच्या वडिलांशी मी वाद घातला नाही. फक्त विचारलं, "भाई, तुमच्या आईच्या वेळी हळदीला गाणी होत होती?" ते थोडा वेळ गप्प बसले. मग हसले. "व्हायची की. आई पुढे असायची." एवढंच बोलून गेले.

एक मेच्या सकाळी मुलगी आली. पुढे उभी राहिली नाही, दुसऱ्या रांगेत, झीलकऱ्यांत. पहिल्या कडव्याला तिचे ओठ जेमतेम हलत होते. तिसऱ्या कडव्याला झीलेची जागा आली आणि डफावरच्या पोराच्या आधी तिनेच ती उचलली.