हेवीवेट गट (कुस्ती व मुष्टियुद्ध)

हेवीवेट हा मुष्टियुद्ध, कुस्ती यांसारख्या द्वंद्वात्मक खेळांतील सर्वांत वरचा वजनगट होय. अन्य गटांना खालची व वरची अशा दोन्ही मर्यादा असतात. मुष्टियुद्धातील या गटाला मात्र केवळ खालची मर्यादा आहे. त्यामुळे गेल्या शंभर वर्षांत या गटातील खेळाडूंची उंची आणि वजन सातत्याने वाढत गेले. ऑलिंपिक कुस्तीत हीच वाढ नियमाने रोखण्यात आली. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाची लढत याच वरच्या गटात होत असल्याने या विषयाला येथे विशेष महत्त्व आहे.

मुष्टियुद्धातील वाढ

१९५२ ते १९५६ या काळात अपराजित जगज्जेता राहिलेल्या रॉकी मार्सियानोचे वजन सुमारे ८४ किलो होते. आजच्या नियमांनुसार तो हेवीवेट ठरला नसता. त्याला खालच्या क्रूझरवेट गटात खेळावे लागले असते. १९६४ साली किताब जिंकताना मुहम्मद अली सुमारे ९५ किलोचा व १९१ सेंटिमीटर उंचीचा होता आणि त्या काळी तो धिप्पाड गणला जाई. पुढे लेनॉक्स लुईस (१९६ सेंमी), व्लादिमीर क्लिच्को (१९८ सेंमी), टायसन फ्युरी (२०६ सेंमी) हे जगज्जेते झाले. २००५ साली किताब मिळवणारा रशियाचा निकोलाय वालुएव तर २१३ सेंटिमीटर उंच आणि १४० किलोहून अधिक वजनाचा होता.

पूर्वी अवाढव्य मल्ल नव्हतेच, असा मात्र याचा अर्थ नव्हे. १९१५ साली जगज्जेता झालेला जेस विलर्ड जवळपास दोन मीटर उंच होता, तर १९३३ चा जेता प्रिमो कार्नेरा सुमारे १२० किलोचा होता. फरक इतकाच, की तेव्हा असे देह अपवाद होते आणि त्यांचा पराभव होत असे. १९१९ साली सुमारे ८५ किलोच्या जॅक डेम्प्सीने १११ किलोच्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा लोळवले. बदल झाला तो अपवाद नेहमीचा होण्यात.

वाढीची कारणे

पोषण व आरोग्य सुधारल्याने माणसांची सरासरी उंची वाढली, हे कारण सर्वप्रथम सुचते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. विसाव्या शतकात इराणी पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६ सेंटिमीटरने वाढली, भारतीय पुरुषांची मात्र जेमतेम तीन सेंटिमीटरने. जगज्जेतेपदाच्या लढतींत दिसणारी वाढ देशोदेशींच्या सरासरीशी जुळत नाही. सरासरी थोडी सरकली की टोकाच्या उंचीची माणसे संख्येने बरीच वाढतात, एवढा तिचा हातभार मान्य करावा लागतो.

अधिक परिणाम घडवला तो नियमांनी. १९७९-८० च्या सुमारास व्यावसायिक मुष्टियुद्धात क्रूझरवेट हा गट निर्माण झाला आणि त्याची वरची मर्यादा कालांतराने ९०.७ किलोवर गेली. ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून ९१ किलोच्या वर सुपर हेवीवेट गट आला. त्यामुळे मध्यम बांध्याच्या खेळाडूंना स्वतःचे घर मिळाले आणि वरचा गट उंचापुऱ्यांसाठी मोकळा झाला. जुन्या हेवीवेटचे सरासरी वजन कमी भासते, याचे एक कारण हेही आहे.

दुसरा बदल फेऱ्यांचा. विलर्डने १९१५ मध्ये जॅक जॉन्सनला हरवले ते सव्विसाव्या फेरीत. पुढे लढती पंधरा फेऱ्यांच्या झाल्या आणि १९८० च्या दशकात बारा फेऱ्यांवर आल्या. अंगावरचे प्रत्येक किलो शेवटपर्यंत वाहून न्यावे लागते. अंतर घटले की ओझे वाढवता येते. याच काळात वजने उचलण्याच्या व्यायामाविषयीचे मतही बदलले. अशा व्यायामाने स्नायू आखडतात आणि ठोसा मंदावतो, असे जुने प्रशिक्षक मानत. इव्हँडर होलीफिल्डने १९८० च्या दशकाच्या अखेरीस क्रूझरवेटमधून वर येताना शास्त्रशुद्ध वजन-प्रशिक्षणाने शरीर घडवले आणि तो जगज्जेता झाला. त्यानंतर तो पायंडा पडला. उत्तेजक द्रव्यांचा वाटाही नाकारता येत नाही, परंतु तो मोजता येत नाही.

शेवटचे कारण भौगोलिक आहे. सोव्हिएत संघातील मुष्टियोद्ध्यांना १९८९ च्या सुमारापर्यंत व्यावसायिक लढती खेळता येत नव्हत्या. ते बंधन सुटल्यावर उंच खेळाडूंचा मोठा साठा या खेळाला मिळाला.

ऑलिंपिक कुस्ती

१९०४ च्या ऑलिंपिकमध्ये सुमारे ७१.७ किलोवरील मल्ल हेवीवेट समजला जाई. ही सीमा पुढे ८७, ९७ अशी चढत १९७२ मध्ये १०० किलोवर गेली. त्या वर्षी म्युनिक येथे अमेरिकेचा ख्रिस टेलर १८० किलोहून अधिक वजनाने उतरला आणि फ्रीस्टाइलमध्ये कांस्यपदक मिळवून गेला. ग्रीको-रोमन प्रकारात मात्र त्याच्याहून कितीतरी हलक्या विल्फ्रिड डिट्रिख या जर्मन मल्लाने त्याला कवेत घेऊन मागे उलटे फेकले. ते छायाचित्र आजही कुस्तीच्या पुस्तकांत आढळते. पुढे महासंघाने वरची मर्यादाच घातली: १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये १३० किलो, २००४ मध्ये १२० आणि २०१६ पासून फ्रीस्टाइलसाठी १२५ किलो. यामुळे कुस्तीत वालुएवसारखा देह आता संभवत नाही. उलट सव्वाशेच्या आत येण्यासाठी मोठ्या मल्लांनाच वजन उतरवावे लागते.

महाराष्ट्रातील परिस्थिती

पारंपरिक कुस्तीत वजनकाटा नव्हता. जत्रेच्या फडात पंच नजरेने जोड लावत. सुरुवातीला पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या आणि अखेरीस सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती, असा क्रम असे. वैजापूरकडील खेड्यांपासून कोल्हापूरच्या खासबागेपर्यंत हीच रीत होती. निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नसल्याने नुसत्या वजनावर भागत नसे, दमसास लागे.

महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची स्थापना १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने झाली. ‘महाराष्ट्र केसरी’चा पहिला किताब १९६१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील अधिवेशनात दिनकर दह्यारी यांनी पटकावला. सध्या किताबाचा गट ८६ ते १२५ किलोचा असून माती व गादी या दोन विभागांतील विजेते अंतिम फेरीत भिडतात. दोन स्पर्धकांत जवळजवळ चाळीस किलोंचे अंतर असू शकते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत एवढ्या पल्ल्यात ८६, ९२, ९७ आणि १२५ असे चार गट सामावतात. चांदीची गदा, नाव आणि पैसा या एकाच गटाकडे एकवटल्याने तालमींतील होतकरू मुलांचा ओढा अंग वाढवण्याकडे राहतो. खुराकाचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो आणि तो शेतकरी कुटुंबाला पेलणे कठीण जाते.

पदकांचा हिशेब मात्र वेगळा आहे. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटात खेळले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले. नरसिंग यादव २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७४ किलो गटात उतरले होते, आणि २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ही तेच होते. १९०४ च्या मोजमापाने त्यांचा ७४ किलोचा गट हेवीवेटच ठरला असता. वरच्या गटातील ठळक यश १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचे: मारुती माने व गणपत आंदळकर या दोघांनीही तेथे सुवर्णपदक जिंकले.

अलीकडील घडामोडी

टोकियो येथे २०२१ मध्ये सतीश कुमार हे ऑलिंपिकमध्ये ९१ किलोवरील गटात खेळणारे पहिले भारतीय मुष्टियोद्धा ठरले. चेहऱ्यावर टाके असताना ते उपांत्यपूर्व फेरीत उतरले आणि उझबेकिस्तानच्या सुमारे दोन मीटर उंचीच्या बाखोदिर जलोलोव्हकडून पराभूत झाले. व्यावसायिक क्षेत्रात क्रूझरवेटमधून वर आलेल्या ओलेक्सांद्र उसिकने मे २०२४ मध्ये सुमारे १०१ किलो वजनाने ११९ किलोच्या फ्युरीला गुणांवर हरवले. डिसेंबरमधील फेरलढतीला फ्युरी आणखी वजन वाढवून आला. तीही उसिकनेच जिंकली.