गुन्हेगारी आणि तुरुंगांतील गर्दी

तुरुंगांतील गर्दीची देशादेशांत तुलना करताना अभ्यासक कारावास-दर हे माप वापरतात. दर एक लाख लोकसंख्येमागे ठरावीक दिवशी बंदिवासात असलेल्यांची संख्या, असा त्याचा अर्थ. गुन्हे वाढले की हा दर वाढतो आणि घटले की घटतो, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी फिनलंड आणि अमेरिका यांचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा इतिहास तिला फारसा दुजोरा देत नाही.

१९५० च्या सुमारास फिनलंडचा दर दोनशेच्या घरात, म्हणजे शेजारच्या स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्या जवळपास तिप्पट होता. तेथील दंडसंहिता रशियन साम्राज्याच्या काळातली, १८८९ ची होती आणि साध्या चोरीलाही न्यायालये प्रदीर्घ शिक्षा ठोठावीत. इन्केरी आन्तिला, पात्रिक त्योर्नुड यांच्यासारख्या तज्ज्ञांनी ही स्थिती देशाला शोभणारी नाही, असे मत घडवले आणि राज्यकर्त्यांना ते पटले, हे विशेष. सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन झिंगल्याबद्दल होणारा दंड १९६९ मध्ये रद्द झाल्याने तो न भरणाऱ्यांची तुरुंगातली रीघ थांबली. सत्तरच्या दशकात चोरीच्या आणि दारू पिऊन वाहन चालवण्याच्या शिक्षा सौम्य झाल्या. पॅरोलवर, म्हणजे अटींवर मुदतीपूर्वी, सुटण्यासाठी भोगावयाचा किमान कारावास टप्प्याटप्प्याने सहा महिन्यांवरून चौदा दिवसांवर आला. नव्वदच्या दशकात दर साठीच्या आसपास उतरला. गुन्ह्यांचा आलेख मात्र या सर्व काळात शेजारी देशांसारखाच चढत-उतरत राहिला.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. राज्यांच्या व संघराज्याच्या तुरुंगांतील दर तेथे अर्धशतकभर शंभराच्या आसपास रेंगाळत होता आणि हे स्थैर्य जणू निसर्गनियम आहे, असा सिद्धान्त गुन्हेशास्त्राचे अभ्यासक ब्लूमस्टीन व कोहेन यांनी १९७३ मध्ये मांडला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अमली पदार्थविषयक कठोर कायदे आले आणि आलेख वर चढू लागला. न्यायाधीशाला जिच्याखाली जाता येत नाही अशी अनिवार्य किमान शिक्षा, तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप, अशा तरतुदींची त्यात भर पडली. नव्वदच्या दशकात गुन्हे झपाट्याने घटले, तरी २००८ मध्ये स्थानिक कोठड्या धरून सुमारे २३ लाख माणसे गजाआड होती.

भारताचा दर चाळिशीच्या आसपास, म्हणजे फिनलंडहूनही कमी आहे. पण या आकड्यावर समाधान मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२२ अखेर तुरुंगांतील ५,७३,२२० बंद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. संभाव्य कमाल शिक्षेहून अधिक काळ कोठडीत काढलेल्या बिहारमधील बंद्यांचे हुसैनारा खातून प्रकरण १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. कच्च्या कैद्यांनी कमाल शिक्षेची निम्मी मुदत कोठडीत काढल्यावर त्यांना सोडण्याची तरतूद कायद्यात यायला मात्र २००५ ची दुरुस्ती व्हावी लागली.