सहावी जागा आणि तिचे शेजारी

‘बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते’ हे सिकलसेलविषयीचे वाक्य आमच्याकडे विज्ञान शाखेच्या प्रत्येक मुलाला पाठ असते. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते. आमच्या वर्गात सिकलसेल हा पुस्तकातला आजार नाही. कुणाचा भाऊ ‘एसएस पॅटर्न’चा, म्हणजे रुग्ण असतो, कुणी स्वतः ‘एएस’, म्हणजे वाहक असते, कुणी थंडी पडली की हाडे ठणकतात म्हणून आठवडाभर वर्गात दिसत नाही. पूर्व विदर्भातल्या गोंड, माडिया, परधान समाजांत, नंदुरबारकडच्या भिल्ल आणि पावरा समाजांत, तसेच अनेक अनुसूचित जातींतही हा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. म्हणून दरवर्षी कुणीतरी विचारतेच, “मॅडम, एक आम्ल बदललं तर एवढं काय बिघडतं?”

प्रश्न रास्त आहे. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात आणि त्यांत मिळून 574 अमिनो आम्ले. त्यांतली फक्त दोन बदलतात, दोन बीटा साखळ्यांत एकेक. पाठ केलेले वाक्य बदल सांगते, परिणाम सांगत नाही. परिणाम कळायचा तर ते व्हॅलिन कुणाला जाऊन टेकते हे पाहावे लागते. प्रथिनातले कोणते आम्ल कोणत्या आम्लाच्या किती जवळ आहे, हे मोजण्याची एक विद्या गेल्या शतकात उभी राहिली. तिचा इतिहास मी विद्यार्थ्यांना सांगते, कारण त्यांच्या घरातल्या दुखण्याचे खरे उत्तर तिच्यात आहे.

1910 साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या, दंतवैद्यक शिकणाऱ्या तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्याचे लिहिले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटॅनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, रुग्णांच्या हिमोग्लोबिनचा विद्युतभारच वेगळा असतो. आजार थेट एका रेणूत आहे, असे प्रथमच सिद्ध झाले. त्याच लेखात त्यांनी एक अंदाज बांधला : या रेणूंच्या पृष्ठभागावर एकमेकांत बसणाऱ्या जागा असाव्यात आणि त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटत असावेत. अंदाज बरोबर होता, पण त्या जागा दाखवायला तेव्हा कुणाकडेच साधन नव्हते.

1956 मध्ये केंब्रिजला व्हर्नन इंग्रॅम यांनी हिमोग्लोबिन ट्रिप्सिनने तोडले, तुकडे कागदावर एकदा विजेने आणि एकदा द्रावकाने पसरवले आणि डागांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले. एकच डाग जागचा हललेला होता. पुढच्या वर्षी त्याचा अर्थ लागला : ग्लुटामिक आम्ल गेले, व्हॅलिन आले. आमच्या पाठ्यपुस्तकातले वाक्य इथून आले आणि पुष्कळ पुस्तके इथेच थांबतात. भारतातही त्याच दशकात शोध सुरू झाला होता. निलगिरीतल्या आदिवासींमध्ये हा दोष 1952 मध्ये आढळला आणि मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचे टिपण 1958 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले.

रेणूचा आकार डोळ्यांसमोर यायला मात्र क्ष-किरणांची वाट पाहावी लागली. मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिनचे काम 1937 साली हाती घेतले आणि पहिला ढोबळ आकार 1960 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांनी मायोग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या प्रथिनाचे प्रतिमान पोलादी सळ्यांच्या दाट रानात उभे केले होते. त्या सळ्यांमधून वाकून, अंतरे मोजून शेजारी कोण ते ठरवायचे, ही स्पर्श शोधण्याची सुरुवातीची रीत. 1965 मध्ये पेरुट्झ, केंड्रू आणि हर्मन वॉटसन यांनी त्या घडणीवर निरनिराळ्या प्राण्यांची आम्लक्रमवारी ताडून पाहिली. निष्कर्ष स्वच्छ निघाला : प्रथिनाच्या आत दाटीने बसलेली आम्ले जवळपास सगळी पाण्याला टाळणारी असतात. व्हॅलिन त्याच जातीचे. सहावी जागा मात्र रेणूच्या बाहेरच्या अंगावर, पाण्यात उघडी. आत बसायचे आम्ल बाहेर आले, म्हणजे ते आडोसा शोधणारच.

‘जवळ’ म्हणजे नेमके किती जवळ? या प्रश्नाचे सर्वांत शिस्तशीर उत्तर मद्रासमध्ये तयार झाले, हे मी वर्गात अभिमानाने सांगते. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी 1954–55 मध्ये कोलॅजेनची तीन पेडांची रचना मांडली. फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांनी आक्षेप घेतला की, या रचनेत काही अणू नको इतके जवळ आले आहेत. रामचंद्रन वादात अडकून पडले नाहीत. अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडे यांचे जे स्फटिक तोवर अभ्यासले गेले होते, त्यांतली अणूंमधली अंतरे त्यांनी गोळा केली आणि प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा ठरवल्या, एक नेहमीची आणि एक टोकाची. दोन हायड्रोजनसाठी 2.0 आणि 1.9 आँगस्ट्रॉम, कार्बन आणि ऑक्सिजनसाठी 2.8 आणि 2.7. एक आँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासह 1963 मध्ये त्यांनी याच मर्यादांवरून पेप्टाइड साखळीला कोणते कोन झेपतात याचा आलेख प्रसिद्ध केला. जगभर प्रथिनाची कोणतीही नवी रचना आजही रामचंद्रन आलेखावर तपासली जाते. ज्या आक्षेपाने दुसरा कुणी खचला असता, त्यातून या माणसाने मोजमापाची कसोटी घडवली.

सिकलसेलच्या रेणूचा शेजारी अखेर बाल्टिमोरमध्ये सापडला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉर्नर लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायू सोडलेल्या सिकल हिमोग्लोबिनचे स्फटिक वाढवले आणि 1975 मध्ये 5 आँगस्ट्रॉम बारकाव्याची रचना प्रसिद्ध केली. इतक्या बारकाव्यात सुटे आम्ल दिसत नाही. पण हिमोग्लोबिनच्या रेणूची घडण तोवर ठाऊक झाली होती. ती त्या स्फटिकात बसवून पाहता आली आणि कोणता रेणू कोणाला कुठे टेकतो हे उमगले. एका रेणूचे सहाव्या जागेचे व्हॅलिन पलीकडच्या रेणूच्या बीटा साखळीतल्या एका खळग्यात शिरते. त्या खळग्यात 85 क्रमांकाचे फिनाइलअॅलॅनिन आणि 88 क्रमांकाचे ल्यूसिन आहे, दोन्ही पाण्याला टाळणारी. रेणूने प्राणवायू सोडल्यावर जो आकार येतो, त्यातच हे जुळते. रेणूमागून रेणू लागून जोडपेड तयार होतो, असे सात जोडपेड पिळले की धागा होतो आणि असंख्य धागे मिळून पेशीला ताणून विळ्यासारखी करतात. 1985 मध्ये हीच रचना 3 आँगस्ट्रॉमपर्यंत, 1997 मध्ये 2.05 आँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झाली आणि हे स्पर्श अणूअणूनिशी दिसले.

शेजारी कळला, तशी आणखी एक जुनी गाठ सुटली. सिकलसेल असूनही नवजात बाळांना त्रास का होत नाही, हे न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्येच हेरले होते : बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते. ते धागा का अडवते, याचे उत्तर 1979 मध्ये रोनाल्ड नेगेल आणि सहकाऱ्यांनी दिले. बीटा साखळीत 87 व्या जागी थ्रिओनिन असते, गर्भाच्या गॅमा साखळीत ग्लुटामिन. खळग्याच्या तोंडाशी एक आम्ल बदलले की पलीकडचे व्हॅलिन नीट बसत नाही. आमच्या दवाखान्यांतून मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी मुख्यतः हेच गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते. आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एका जनुकोपचारात रुग्णाला जी बीटा साखळी देतात, तिच्यात 87 व्या जागी मुद्दाम ग्लुटामिन घातलेले आहे. त्या उपचाराची जाहीर किंमत 31 लाख डॉलर आहे. गडचिरोलीच्या मुलापर्यंत तो कधी पोचेल, हा प्रश्न विज्ञानाचा उरलेला नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती मोकळीक. 1971 मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत प्रोटीन डेटा बँक सुरू झाली, तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत आणि त्या कुणालाही फुकट मिळतात. प्रथिनांच्या रचना अभ्यासण्याची परंपरा पुण्यातही रुजली. रामचंद्रन यांच्यासोबत पेप्टाइडच्या घडणीवर शोधनिबंध लिहिणारे अशोक कोळसकर पुढे पुणे विद्यापीठातल्या जैवमाहितीशास्त्राच्या कामाचे आधारस्तंभ झाले आणि त्याच विद्यापीठाचे कुलगुरूही. संगणकाला प्रथिनांचे आकार ओळखायला शिकवणाऱ्यांना 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या संगणकाने अभ्यास केला तो याच बँकेत साठलेल्या रचनांवर. पन्नास वर्षे अंतरे मोजणाऱ्या माणसांचा त्या यशात मोठा वाटा आहे.

म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला माझी विनंती आहे. सहाव्या जागेचे वाक्य पाठ करून घेऊन थांबू नका. महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर 2एचबीएस या क्रमांकाची रचना उघडा. सहाव्या व्हॅलिनपासून 4 आँगस्ट्रॉमच्या आत पलीकडच्या रेणूचे कोणते अणू येतात, ते मुलांना स्वतः मोजू द्या. एका तासात होण्यासारखे काम आहे. आणि ज्यांच्या घरी हा आजार आहे, त्या मुलांना आपल्या दुखण्याचे कारण स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा पहिला हक्क आहे.